कृषी केंद्राचे गिऱ्हाईक कशाने तुटते आणि ते कसे राखावे

तालुक्याच्या गावी कृषी केंद्र चालविणाऱ्या बहुतेक दुकानदारांची अशी समजूत असते, की गिऱ्हाईक तुटते ते भावापायी. पंधरा-सोळा खरीप हंगाम गल्ल्यावर काढल्यानंतर मला ते पटत नाही. युरियाच्या 45 किलोच्या गोणीची किंमत सरकारने 266 रुपये 50 पैसे ठरवून दिली आहे, बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमतही दरवर्षी केंद्र सरकारच जाहीर करते. मग शेजारच्या दुकानाच्या आणि आपल्या भावात फरक असून असून असणार किती? गिऱ्हाईक तुटते ते हंगामाच्या ऐन गर्दीत आपण घाईने घेतलेल्या एखाद्या निर्णयाने. शेतकरी त्यावरून सहसा भांडत नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो आपल्या दारावरून सरळ पुढे निघून जातो, आणि त्याच्या मागोमाग त्याचे भाऊबंदही.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. ऑगस्टमध्ये एका काकाजींनी फवारणीचा बॅटरी पंप पोत्यात बांधून एसटीने आणला. "पंप चालून नाही राहिला भाऊ, चार टाक्या मारल्या का बंद पडते," एवढेच ते म्हणाले. काउंटरवर गर्दी होती, त्यामुळे पोत्याची गाठही न सोडता मी सांगून टाकले, की दुरुस्ती कंपनीकडे, आम्ही फक्त विकतो. परतीच्या गाडीची वेळ झाल्यामुळे ते पंप तिथेच ठेवून गेले. संध्याकाळी दुकानातल्या पोराने तो सहज उघडून पाहिला, तर बॅटरीला जोडलेली वायर सैल झाली होती. दोन मिनिटांचे काम. पण त्यांनी सांगून ठेवलेल्या दोन मजुरांचा रोज त्या दिवशी बुडालाच. दुसऱ्या दिवशी पंप घेऊन जाताना ते काही बोलले नाहीत, आणि पुढच्या खरिपात त्या गावची पाच-सहा घरे समोरच्या दुकानात दिसली.

तेव्हापासून पंप परत आला, की बिल मागण्याआधी पंप उघडायचा, हा नियम मी केला. नोझल, वॉशर, चार्जर असे किरकोळ सुटे भाग हाताशी ठेवावेत, एक चार्ज केलेला पंप हंगामभर उसना देण्यासाठी राखून ठेवावा, आणि काम खरोखरच सर्व्हिस सेंटरचे असेल, तर तिथला फोन नंबर शेतकऱ्याच्या हाती न टेकवता फोन आपणच लावावा. कायदाही काही वेगळे सांगत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल 30 दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिल न देणे हीदेखील.

बियाण्याच्या तक्रारीत जास्त संयम लागतो. सोयाबीन उगवले नाही, असे सांगत कोणी आले, की आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते, "पेरणी खोल झाली असेल." ते खरेही असू शकते, पण बियाणे, डिझेल आणि मजुरी मातीत गेलेल्या माणसाला ते आधी ऐकवायचे नसते. प्रमाणित सोयाबीनची उगवणशक्ती किमान 70 टक्के असावी लागते, त्यामुळे तक्रार तपासण्याजोगी आहे असे धरूनच चालावे. पक्क्या बिलावर लॉट नंबर न चुकता लिहावा, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणे जपून ठेवायला विक्रीच्या वेळीच सांगावे, आणि वेळ आली तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे द्यायचा अर्ज लिहायला मदत करून पाहणीच्या दिवशी स्वतः शेतावर हजर राहावे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होण्याआधी कोणी बियाणे न्यायला आले, तर बियाणे द्यावे, पण पेरणीला थांबायला सांगावे.

लिंकिंगचा, म्हणजे एका मालासोबत दुसरा माल घ्यायला लावण्याचा, प्रश्न अवघड आहे, कारण वरून माल उचलताना ती सक्ती आपल्यावरही होते. तरीही युरियासोबत न मागितलेली बाटली गळ्यात मारणे हे नियमात बसत नाही, आणि शेतकऱ्याला ते कळतेही. ई-पॉस मशीनवर अंगठा लावून खत घेणाऱ्याला ती बाटली घरी जाईपर्यंत सलत राहते. फवारणीच्या सल्ल्यातही हीच गल्लत होते. खप वाढावा म्हणून तीन औषधे एकत्र करून देणे धोक्याचे आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली होती. लेबलवर जे पीक आणि जी कीड लिहिली आहे, त्यापलीकडे सांगू नये, आणि औषधासोबत मास्क व हातमोजे काउंटरवर काढून ठेवावेत.

राहिली उधारी. ती न देता आपल्याकडे दुकान चालत नाही. मात्र चारचौघांत मागितलेले पैसे वसूल झाले तरी तो माणूस परत येत नाही, म्हणून तगादा गल्ल्यावरून करू नये. प्रत्येक उचलीची चिठ्ठी त्याच दिवशी द्यावी, व्याज लावायचे असेल तर ते पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे. सोयाबीन विकून दिवाळीच्या आसपास तो हिशेबाला आला, की त्याला आत बसवून वही त्याच्याकडे फिरवावी आणि एकेक नोंद तारखेसह वाचून दाखवावी. एखादी नोंद त्याला आठवली नाही आणि आपल्याकडे तिची चिठ्ठीही नसेल, तर ती त्याच्यासमोरच खोडावी.