केर्नगॉर्ममधली बर्फाळ नाळ, तीही वाऱ्याच्या दिवशी

स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पर्वतरांगेत कोरी अन ट्रेख्का या उत्तराभिमुख दरीत ग्रेड १ च्या, म्हणजे सर्वांत सोप्या श्रेणीच्या, हिवाळी नाळा (कड्यातल्या उभ्या, अरुंद घळी) आहेत. अलादिन्स कूलुआर त्यांपैकी एक. ४५ अंशांच्या आसपासचा चढ, पाय रोवून वर जायचं. सह्याद्रीतल्या नाळा चढलेल्याला हे सोपं वाटेल. अवघड करतो तो वारा.

आदल्या रात्री माथ्यावरच्या वाऱ्याचा वेग बघाच, पण गेल्या दोन-तीन दिवसांची दिशाही बघा. नैर्ऋत्येचा वारा पठारावरचा सुटा बर्फ उचलून नेमका याच नाळांत आणून टाकतो. हा थर घट्ट दिसतो, पण खालच्या बर्फाला नीट धरलेला नसतो. पाऊल पडताच अख्खी लादी सुटू शकते. ताजा बर्फ आणि नैर्ऋत्य वारा असेल तर नाळ सोडा. वितळून पुन्हा गोठलेला टणक बर्फ असेल तरच पुढचा विचार. स्कॉटिश ॲव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिसचा हिवाळ्यातला हिमस्खलनाचा रोजचा अंदाज वाचल्याशिवाय निघू नका.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. ताशी ६५ किमीला चालणं जिकिरीचं, ९० च्या पुढे तोल राहत नाही. याच रांगेतल्या केर्न गॉर्म शिखराच्या माथ्यावर १९८६ साली ताशी २७८ किमीची नोंद आहे.

क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे काटे) आणि हेल्मेट दरीच्या तळाशी, सपाटीवर चढवा. हातमोज्यांचे तीन जोड घ्या. एक वाऱ्याने नेला असं धरूनच चाला.

नाळेत आडोसा असतो आणि तोच फसवतो. वर पोचल्यावर वाऱ्यात नकाशा उघडताही येत नाही. म्हणून माथ्याच्या २०-३० मीटर खाली, आईस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) रोवून, गॉगल लावा, जॅकेटची टोपी आवळा, होकायंत्रावर दिशा लावून ठेवा, दोन घास खा. तिथेच वरचा आवाज ऐका. गर्जना असेल, किंवा नाळेच्या वरच्या तोंडाशी पुढे झुकलेला बर्फाचा छज्जा मोठा असेल, तर चढताना पायाने केलेल्या पायऱ्या शाबूत आहेत तोवर तोंड उताराकडे न करता त्याच वाटेने खाली या.

माथ्यावरून उतरायला गोट ट्रॅक, म्हणजे परत दरीत उतरणारी पायवाट, जवळचा वाटतो, पण तोही वाऱ्याच्या आडच, म्हणजे तिथेही तीच लादी. त्यापेक्षा ईशान्येला १,१४१ मीटरच्या दगडी राशीकडे जा आणि फियाकल अ कोरे खॅशच्या धारेने वाहनतळाकडे उतरा. या वाटेवर कडा डाव्या हाताला असतो आणि नैर्ऋत्येचा वारा पाठीमागून ढकलतो. धुक्यात छज्जा आणि पठार एकच पांढरं दिसतं, म्हणून कड्यापासून भरपूर उजवीकडे राहा.