आऊटबोर्ड मशीन होडीला लावताय? या चुका टाळा

कर्ली खाडी देवबागला समुद्राला मिळते, त्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी पाणी फार उसळतं. माझं पहिलं आठ अश्वशक्तीचं आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवायचं मशीन, मी तिथेच घालवलं. लाटेने होडीची मागची बाजू उचलली, पंखा क्षणभर हवेत फिरून किंचाळला आणि होडी परत खाली आपटली तेव्हा हँडल माझ्या हातातून हिसकलं गेलं. वळून बघतो तर मशीन जागेवर नाही. पेट्रोलचा पाईप तेवढा तुटून लोंबत होता. वल्ही सोबत होती म्हणून आम्ही दोघे किनाऱ्याला लागलो.

किनाऱ्यावर एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, उभे होते. सकाळीच मशीन फळीला पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू घट्ट केले होते, असं मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं, होडीच्या मागच्या फळीत अंगठ्याचं नख रोवलं. नख आत गेलं. "स्क्रू घट्ट असान काय उपेग, फळीच कुसली हा," एवढंच बोलले.

त्यानंतर मी बऱ्याच होड्यांची मशीनं उतरवली आणि चढवली. सैल झालेलं, सरकलेलं, पडलेलं मशीन बघायला गेलो की आधी फळी तपासतो, मग स्क्रू. दहापैकी बहुतेक वेळा उत्तर फळीतच सापडतं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी संपली, नारळी पौर्णिमा झाली की घरात गुंडाळून ठेवलेली मशीनं घाईघाईने होड्यांवर चढतात. दोन महिने पावसात पडून राहिलेली फळी मात्र कोणी बघत नाही.

चूक पहिली : फळी न तपासता मशीन चढवणं

मशीन ज्या फळीवर बसतं तिला ट्रान्सम म्हणतात. फायबरच्या होडीत वरून गुळगुळीत फायबर दिसतं, पण आत बहुतेक वेळा प्लायवूडच असतं. जोर सगळा त्या प्लायवूडवर येतो.

जोर कसा येतो ते नीट समजून घ्या. पंखा क्लॅम्पच्या दीड-दोन फूट खाली असतो. मशीन पुढच्या गिअरमध्ये असलं की पंखा खालून होडीला पुढे रेटतो. त्यामुळे ब्रॅकेटचा, म्हणजे मशीन फळीवर अडकवणाऱ्या चौकटीचा, खालचा भाग फळीवर दाबला जातो आणि वरचा भाग मागे उलथायला बघतो. त्याला आवरून धरतात ते आतल्या बाजूने फळीला टेकलेले क्लॅम्पचे दोन गोल पाय. रिव्हर्समध्ये हेच सगळं उलटं होतं. म्हणजे पहार घालून दगड उपटावा तसं मशीन दिवसभर ती फळी उपटत असतं. लाकूड कोरडं, टणक असेल तर ते हे सहज सोसतं. आत पाणी गेलं असेल तर क्लॅम्पचे पाय लाकडात रुतत जातात. तुम्ही सकाळी स्क्रू आवळता, दुपारपर्यंत तो पुन्हा सैल. स्क्रू फिरलेलाच नसतो, त्याच्याखालचं लाकूड दबलेलं असतं.

तपासायला महागडं काही लागत नाही. लहान हातोडीने फळीवर सगळीकडे हलके ठोके द्या. चांगल्या लाकडाचा आवाज टणक, कोरडा येतो. कुजलेल्या जागी तो भद्द येतो, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. मग मशीन फळीवर असताना खालचा गिअरचा भाग दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाब द्या आणि सोबत्याला फळीकडे बघायला सांगा. फळी लवत असेल, किंवा ती होडीच्या बाजूंना मिळते त्या कोपऱ्यांत केसासारख्या चिरा उघडत-मिटत असतील, तर ती होडी समुद्रात नेऊ नका. शंका उरलीच तर आतल्या बाजूने, वरच्या भागात, तीन मिलिमीटरचं भोक पाडून भुसा हातावर घ्या. पिवळसर कोरडा भुसा आला तर भोक इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायचा, सुकून कडक होणारा चिकट पदार्थ) बुजवून निश्चिंत व्हा. काळपट, ओला, आंबूस वासाचा आला तर फळी बदलायची वेळ झाली.

बदलताना दुकानात नुसतं "वॉटरप्रूफ प्लाय द्या" म्हणू नका. आयएस ७१० असा छाप असलेलं मरीन प्लायवूड मागा. आयएस ३०३ चा छाप घरातल्या फर्निचरच्या प्लायवर असतो. त्यातलं चांगल्यातलं प्लायही काऊंटरवर अगदी तसंच दिसतं, पण होडीच्या मागे, रोज खाऱ्या पाण्यात, त्याचं काम नाही. कापलेल्या कडा इपॉक्सीने भरपूर माखा. प्लायवूड पाणी पितं ते कडेने.

भोकं पाडली आणि तशीच सोडली

फळी कुजते कशी, याचं उत्तर बहुतेक इथेच असतं. जुन्या मशीनची भोकं, फिशफाइंडरचे स्क्रू, कुणीतरी शिडी लावायला मारलेले खिळे. प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला उघडं दार.

बरोबर पद्धत थोडी वेळखाऊ आहे, पण एकदाच करायची असते. बोल्टपेक्षा मोठं भोक पाडा, ते इपॉक्सीने पूर्ण भरा, दुसऱ्या दिवशी ते सुकलं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा. आता बोल्ट इपॉक्सीच्या नळीत बसला, लाकडाला त्याचा स्पर्शच नाही. बाहेरच्या बाजूने, बोल्टच्या डोक्याखाली मरीन पॉलियुरेथेन सीलंट लावा. बाथरूमचं सिलिकॉन इथे टिकत नाही, वर्षभरात सुटतं. वापरात नसलेली जुनी भोकंही याच रीतीने बुजवा. एम-सील चोपडून वर रंग मारलेली भोकं मी खूप बघितली आहेत, आणि त्यांच्याभोवतीचं लाकूडही.

नुसत्या क्लॅम्पवर विसंबणं

लहान मशीनला दोन हाताने फिरवायचे स्क्रू असतात, आणि ते सोयीचे असतात. पण चालत्या मशीनच्या थरथरीने ते सैल होतात. नवीन बसवलेलं मशीन पहिल्या अर्ध्या तासाने थांबून पुन्हा आवळा, त्यानंतर रोज निघण्यापूर्वी. हातानेच आवळा. पान्ह्यात पाईप घालून जोर लावणारे स्वतःच फळी चिरडतात किंवा स्क्रू वाकवतात. आवळून झालं की दोन्ही मुठी एकमेकींकडे आणून मधून तार किंवा दोरी बांधा, म्हणजे एकटी मूठ आपोआप फिरणार नाही.

बऱ्याच मशीनच्या ब्रॅकेटला बोल्टसाठीही भोकं असतात आणि ती बहुतेक रिकामीच दिसतात. मशीन रोज उतरवून घरी न्यायचं नसेल तर बोल्ट घालाच. माप मशीनच्या पुस्तिकेत असतं. आतून नटाखाली छोटा वॉशर घातला तर तो लाकडात घुसतो. मोठा वॉशर, किंवा त्याहून चांगली स्टेनलेसची रुंद पट्टी घाला. नट आतून प्लास्टिकचं कडं असलेले, नायलॉक. ते सारखे काढ-घाल केले की पकड सोडतात, म्हणून नवे घ्यायला काचकूच नको.

स्टेनलेसमध्येही प्रत असते. बाजारात सर्रास मिळतं ते ३०४. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला जास्त दाद देत नाही. साधा लोखंडी बोल्ट एक हंगामही धड काढत नाही. स्टेनलेस आणि ब्रॅकेटचं अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पीठ होऊन झिजतं, तेव्हा मध्ये मरीन ग्रीस भरपूर असू द्या. मशीनला जो जस्ताचा तुकडा लावलेला असतो तो याच झिजेपासून वाचवायला. होडी रंगवताना त्यावर रंगाचा हात फिरला की तो कामातून गेला.

आणखी एक. चकचकीत फायबरवर किंवा पत्र्यावर क्लॅम्पचे पाय वर सरकतात. फळीच्या आतून सागाच्या किंवा इतर कठीण लाकडाचा तुकडा पक्का बसवा, त्याला वरून आडवी कड ठेवा आणि क्लॅम्पचे पाय त्या कडेखाली येऊ द्या. मशीन उसळलं तरी पाय कडेला अडतात. काही जण इथे टायरचं जाड रबर घालतात. रबर दबतं, पसरतं आणि क्लॅम्प सैल होतो. माझा त्याला साफ नकार आहे.

उंची चुकली की सगळंच हलतं

मशीनची दांडी १५, २० किंवा २५ इंचाच्या फळीसाठी बनवलेली असते. फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत, मधोमध, सरळ टेप लावून मोजा. पंख्याच्या वर जी आडवी सपाट पाती असते ती होडीच्या तळाच्या पातळीत, किंवा फार तर इंचभर खाली हवी. ती वर राहिली तर पंखा हवा ओढतो, मशीन मध्येच रिकामं गरगरतं, थरथर वाढते आणि क्लॅम्प सैल होतात. फार खाली गेली तर पाणी उडतं, पेट्रोल जास्त जातं, आणि उथळ पाण्यात पंखा आधी वाळूला लागतो.

जुनं मशीन स्वस्तात मिळालं, दांडी लांब निघाली, मग फळीवर लाकडाचा सुटा ठोकळा ठेवून वरून क्लॅम्प आवळला, असं कुणी केलं असेल तर कृपा करून ते मशीन आजच उतरवा. फळी वाढवायचीच असेल तर ठोकळा फळीला आरपार बोल्टने आणि इपॉक्सीने एकजीव झाला पाहिजे.

साखळी चुकीच्या जागी

सगळं नीट केलं तरी एक शेवटचा आधार हवाच : सुटलेलं मशीन होडीला धरून ठेवणारी साखळी किंवा दोरी. बहुतेक मशीनच्या क्लॅम्प ब्रॅकेटला यासाठी एक भोक असतं. दोरी तिथेच बांधायची. मशीनच्या वरच्या झाकणाच्या मुठीला बांधलेली मी बघितली आहे. तसं केलं तर मशीन तळाला जाईल आणि झाकण तुमच्याकडे राहील.

दुसरं टोक कुठे, हे त्याहून महत्त्वाचं. लाकडात पिळलेल्या हुकाला नको. ज्या फळीवर मशीन आहे तिलाही शक्यतो नको, फळी फुटली तर दोन्ही एकदम जातील. होडीच्या सांगाड्यात आरपार बोल्ट केलेली कडी असावी. दोरी पॉलिएस्टरची किंवा नायलॉनची, १० मिलिमीटर तरी, किंवा शेवटच्या फासात थिंबल, म्हणजे धातूचं कडं, घातलेली स्टेनलेसची तार. निळी-हिरवी प्लास्टिकची दोरी उन्हात पिठासारखी होते. लांबी इतकीच, की मशीन पूर्ण वळेल आणि पूर्ण वर उचलता येईल. लांब दोरीवर लोंबणारं चालू मशीन पंख्यासकट होडीवर येऊन आदळतं.

म्हणूनच किल स्विचची ती लाल गुंडाळीची दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवल्याशिवाय मशीन सुरू करू नका. तुम्ही पडलात तर मशीन बंद होतं. नाहीतर हँडल एका बाजूला वळून होडी गोल गोल फिरत पडलेल्या माणसावरच येते. अमेरिकेत २६ फुटांखालच्या हौशी होड्यांना वेगात जाताना हे १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे बहुतेकांची ती दोरी मशीनलाच गुंडाळलेली दिसते. ते बघून मला दर वेळी धस्स होतं.

चोरीसाठी लावलेलं कुलूप हा वेगळा विषय. क्लॅम्पच्या दोन्ही मुठी झाकणारी कुलूपपट्टी जरूर लावा, पण कुलूप म्हणजे साखळी नव्हे. कुलपात महिन्यातून एकदा तेल घाला, नाहीतर ते मिठाने गच्च होतं आणि गरजेला मशीन उतरवता येत नाही.

वाळूवर येताना

मशीन आपोआप वर उचललं जाऊ नये म्हणून काही जण ते दोरीने खाली जखडतात. त्यांना वाटतं, रिव्हर्समध्ये उसळत नाही. पण मशीनची रिव्हर्सची कडी तेच काम करते, आणि पुढे जाताना खडकाला किंवा वाळूच्या दांड्याला आपटलं तर मशीनला वर उडायची मोकळीक देते. तुम्ही ते बांधून टाकलं तर तो धक्का सरळ फळीत जातो. किनारा जवळ आला की वेग कमी करा, उथळात मशीन बंद करून वर घ्या, उरलेलं अंतर वल्ह्याने. होडी वाळूवर ओढताना उचललेलं मशीन हिंदकळत असतं, तेव्हा मशीन उतरवूनच ओढलेली बरी. ट्रॉलीवरून रस्त्याने नेताना तर नुसत्या टेकूच्या खिळीवर भरवसा नको, खालच्या भागाला ट्रॉलीपासून आधार द्या.

आणि तरीही मशीन पाण्यात गेलं तर

जागा लगेच खुणेने धरा, किनाऱ्यावरच्या दोन-दोन वस्तू एका रेषेत पकडून. मी ते केलं नव्हतं. नांगर किंवा रिकामा कॅन दोरीला बांधून सोडला तरी चालतं.

मशीन वर आलं की दोरी ओढून सुरू करायचा मोह फार होतो. करू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दबत नाही, त्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. आत वाळू गेल्याची शंका असेल तर मशीन फिरवूच नका, थेट मेकॅनिककडे न्या. नाहीतर झाकण काढून गोड्या पाण्याने सगळं धुवा, स्पार्क प्लग काढा, प्लगची भोकं खालच्या बाजूला करून दोरी सावकाश ओढत पाणी बाहेर काढा, प्लगच्या भोकांतून तेल सोडा, कार्बोरेटर आणि नळ्यांतलं पेट्रोल रिकामं करा. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन ऑइलही बदलायचं. हे सगळं काही तासांत व्हायला हवं.

मेकॅनिक दुसऱ्या दिवशीच येणार असेल तर मशीन उन्हात वाळत ठेवू नका. मीठ आणि हवा मिळून रात्रीत आतलं लोखंड खातात. गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात ते पूर्ण बुडवून ठेवा. विचित्र वाटतं, शेजारी हटकतात, पण पाण्याखाली हवा पोचत नाही आणि गंज थांबतो. माझं दुसरं मशीन एकदा असंच रात्रभर आंगणातल्या निळ्या पिंपात बुडून होतं. आजही ते चालतं.