पुण्यात उन्हाळ्यात बाहेर बसून खायचं-प्यायचं तर कुठे आणि किती वाजता

एप्रिल-मे मधे पुण्यात बाहेर बसायचं म्हटलं की बहुतेक जण आधी रूफटॉप शोधतात, सात-साडेसातला जाऊन बसतात, आणि खालचा स्लॅब अजून तापलेलाच असतो त्यामुळे तासभर नुसता घाम पुसत बसतात. मग घरी येऊन म्हणतात पुण्यात उन्हाळ्यात बाहेर बसण्यात काही अर्थ नाही, एसीच बरा. हे मला अजिबात पटत नाही. पुण्याची हवा कोरडी आहे, दुपारी 38-40 ला गेलेला पारा रात्री चांगला खाली येतो, आणि संध्याकाळी पश्चिमेकडून वारा सुटतो तो मुंबईकरांना विचारा काय चीज आहे. फक्त जागा ठरवायच्या आधी वेळ ठरवायची. एकच जागा सकाळी स्वर्ग असते आणि दुपारी भट्टी, म्हणून खाली सगळं घड्याळाप्रमाणेच लिहितोय.

पहाटेपासून सुरू करू. उन्हाळ्यात बाहेर बसून खायची पुण्यातली सगळ्यात भारी जागा माझ्या मते सिंहगडच, आणि तीही सकाळीच. गड समुद्रसपाटीपासून साधारण 1312 मीटरवर आहे आणि शहर 560 च्या आसपास, म्हणजे सातशे मीटरहून जास्त फरक, त्यामुळे वर चार-पाच डिग्री तरी कमी असतं आणि वारा वेगळाच. आतकरवाडीतून पायी चढणार असाल तर उजाडायच्या आधी पायथ्याला पोचा, नाहीतर शेवटच्या टप्प्यात सावली नाही आणि दगड तापायला लागतो. गाडी नसेल तर स्वारगेटहून पीएमपीची 50 नंबरची बस पायथ्यापर्यंत जाते. वर पोचल्यावर लगेच जेवायला बसू नका, आधी ताक किंवा लिंबू सरबत घ्या, दहा मिनिटं झाडाखाली बसा, मग पिठलं-भाकरी सांगा. आणि मडक्यातलं दही, ते कितीही पोट भरलेलं असलं तरी सोडायचं नाही. मातीच्या छोट्या मडक्यात लावलेलं असतं, मडकं पाणी शोषून घेतं म्हणून दही घट्ट होतं आणि फ्रीज न लागता गार राहतं, चमचा घातला की वडीसारखं सुटतं. काही जण साखर घालून देतात, मी मीठ मागून घेतो, भाकरीबरोबर मीठवालंच लागतं. सोबत लसणाची चटणी, ठेचा, वांग्याचं भरीत, कांदा. कांदाभजी पण सगळे घेतात पण खरं सांगायचं तर भजी पावसाळ्यात, उन्हाळ्यात पिठलं आणि दही बास. मे मधे गेलात तर करवंदं-जांभळं घेऊन बसलेल्या मावश्या असतात, त्यांच्याकडून पानाच्या द्रोणातून घ्या, घासाघीस करू नका, ती करवंदं काटेरी जाळीतून हाताने तोडून आणलेली असतात. दहाच्या आत खाली उतरायला लागा. रविवारी घाटरस्त्यावर आणि खाली खडकवासल्याला गाड्यांची जी रांग लागते त्यात उन्हात अडकलात तर सकाळची सगळी मजा जाते, जमलं तर मधल्या वारीच जा.

गड जमत नसेल तर सकाळी फर्ग्युसन रोडला वैशालीत जा. मागच्या बाजूला झाडाखाली टेबलं आहेत तिकडे बसायला मागा, नाव लिहून थोडं थांबायला लागलं तरी थांबा. आठच्या आत गेलात तर वारा असतो, इडली-सांबार आणि फिल्टर कॉफी शांतपणे होते. एसपीडीपी म्हणजे शेव पोटॅटो दही पुरी इथलीच फेमस, पण ती संध्याकाळची गोष्ट आहे, गार दही आणि चटणी असल्यामुळे उन्हाळ्यात तर एकदम परफेक्ट. शेजारच्या लोकांची प्लेट बघून भुकेल्या पोटी चार गोष्टी ऑर्डर करू नका, दोघांत एक-एक करत मागवा.

नीरा प्यायची असेल तर तीही सकाळीच. शिंदीच्या झाडाची नीरा ऊन चढलं की आंबायला लागते, त्यामुळे केंद्रावर सकाळी लवकर जाऊन तिथेच उभ्याने प्यायची, बाटलीत भरून घरी नेऊन दुपारी प्यायची नाही.

आता दुपार. बारा ते पाच उघड्यावर बसायचं नाही, ह्यात कुठलंही अपवाद-बिपवाद नाही, म्हातारी माणसं आणि लहान पोरं बरोबर असतील तर अजिबातच नाही. ह्या वेळेत बाहेरची एकच गोष्ट करायची, रसवंतीत थांबायचं. पुण्यात कुठेही जा, कानिफनाथ नाहीतर नवनाथ रसवंती दिसतेच, कारण हा धंदा करणारे खूप जण पुरंदर भागातले आणि तिथे बोपगावला कानिफनाथांचं देवस्थान आहे. वर पत्रा किंवा चटई, खाली लाकडी बाकडी, चरकाला बांधलेले घुंगरू. चरक फिरला की आवाज लांबून ऐकू येतो. चांगली रसवंती कशी ओळखायची ते सांगतो: ऊस तुमच्यासमोर सोलून, धुवून लावला जातोय का बघा, आलं-लिंबू उसाच्या मोळीत घालूनच चरकातून काढतात का बघा, आणि आधीच भरून ठेवलेल्या जगातून ओतत असतील तर पुढच्या रसवंतीत जा. रस दोन-चार मिनिटांत काळपट पडायला लागतो, ताजा रस हिरवट-पिवळा आणि वर पांढरा फेस असा असतो. "बिनबर्फाचा, आलं जास्त" असं सांगायचं. ऊस सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवलेला असेल तर बर्फाशिवाय पण पुरेसा गार लागतो.

बर्फाचं जरा नीट वाचा कारण उन्हाळ्यात पोट बिघडतं ते बऱ्याचदा बर्फामुळे. कारखान्यासाठी बनवलेला बर्फ खाण्याचा नसतो आणि महाराष्ट्रात 2018 पासून अशा बर्फात निळा रंग घालणं कंपल्सरी केलंय, खाण्याचा बर्फ पांढरा किंवा पारदर्शक असतो. त्यामुळे लादीला निळसर झाक दिसली की तिथून सरळ निघायचं, गोळा असो, सरबत असो की मस्तानी. आणि पांढरा असला तरी गोणपाटात गुंडाळून फुटपाथवर फोडत असतील तर नकोच.

कॅम्पात दुपारी काम निघालं तर अर्देशीरचा सोडा शोधा. 1884 पासूनची कंपनी आहे, शरबतवाला चौकातली, रास्पबेरी आणि जिंजर मला आवडतात. इराणी हॉटेलात मिळतो. उन्हातून आलं की जिंजर, जेवणाबरोबर रास्पबेरी. मग चार-साडेचार झाले की मेन स्ट्रीटवर मार्झोरिनला वरच्या व्हरांड्यात जागा पकडा, चटणी सँडविच आणि कोल्ड कॉफी घ्या, खाली रस्ता बघत बसा. डोक्यावर छप्पर आहे आणि बाजू मोकळी आहे, उन्हाळ्याच्या उतरत्या दुपारी नेमकी अशीच जागा पाहिजे असते.

साडेपाच-सहा नंतर बागा. सारसबागेत आधी तळ्यातल्या गणपतीचं दर्शन, मग हिरवळीवर बसायचं, आणि मग बाहेर येऊन भेळ-पावभाजी. उन्हाळ्यात भेळवाल्याला "कैरी जास्त टाका" म्हणून सांगायचं, ह्या दोन महिन्यातली भेळ वर्षभरातली बेस्ट भेळ असते ती बारीक चिरलेल्या कैरीमुळेच. पावभाजीच्या तव्याजवळचं टेबल घेऊ नका, वारा जिकडून येतोय त्या बाजूला बसा. लहान मुलं असतील तर ही सगळ्यात सोपी संध्याकाळ, हिरवळीवर पाणी मारलेलं असेल तर जमीन लवकर गार होते आणि मुलं पळत बसतात.

आता रात्रीचं जेवण आणि ड्रिंक्स, ह्यावरच लोक सगळ्यात जास्त विचारतात. माझा नियम साधा आहे: नऊच्या आधी जमिनीवरची जागा, नऊनंतर गच्ची. काँक्रीट आणि डांबर दिवसभराची उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात, माती आणि झाडं नाही सोडत. म्हणून कोरेगाव पार्क. तिथल्या गल्ल्यांमधे जुने वड आहेत, पारंब्या रस्त्यावर आलेल्या, आणि त्या सावलीमुळे मुळात जमीन कमी तापलेली असते. मलाका स्पाइसला बाहेर झाडांखाली बसायला मिळतं, दारिओज पूर्ण व्हेज इटालियन आहे आणि अंगण छान आहे, प्रेम्सची बाग जुनी आणि मोठा ग्रुप असेल तर सोयीची. फोन करून "बाहेरचं टेबल, पंख्याजवळ" असं स्पष्ट सांगून बुक करा, नुसतं टेबल म्हणालात तर आत बसवतात. मिस्ट फॅनचं, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार मारणाऱ्या पंख्याचं, फार कौतुक करू नका, थेट तोंडावर येत असेल तर पापड मऊ पडतात आणि चष्मा धूसर होतो, एक टेबल सोडून बसा.

बीअर हवी असेल तर पुण्यात ताज्या बीअरची चैन आहे. देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी (जागेवरच बीअर बनवून देणाऱ्या छोट्या जागा) एक डूलाली, ती 2009 मधे पुण्यातच सुरू झाली, आणि त्यानंतर इथे ह्या गोष्टीची चांगलीच परंपरा तयार झाली. मुंढव्याला इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनीची मोकळी जागा मला उन्हाळ्यात आवडते, एफिनगट पण चांगलं. उन्हाळ्यात जड, काळी स्टाउट घेऊ नका, गव्हाची बीअर नाहीतर सायडर घ्या, आंब्याच्या दिवसात आंब्याचं काही टॅपवर असेल तर आधी छोटा सॅम्पल मागा, बरेच ठिकाणी देतात. लहान ग्लास घ्या, मोठा मग अर्धा होईपर्यंत कोमट होतो. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी, हे मी फार कळकळीने सांगतोय, कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो त्यामुळे शरीरातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही आणि दुसऱ्या दिवशी डोकं उठतं. बीअरसाठी वय 21 आणि दारूसाठी 25, आयडी जवळ ठेवा. 1 मे ला ड्राय डे असतो, महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून प्लॅन करतात आणि मग ताक पिऊन परत येतात. आणि गाडी घरीच ठेवा, कॅबने जा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे डास. नदीत जलपर्णी वाढली की मुंढवा, केशवनगर, खराडी, कल्याणीनगर ह्या पट्ट्यात संध्याकाळी भयंकर डास असतात, 2024 च्या फेब्रुवारीत तर नदीवर वावटळीसारखे उंच डासांचे खांब दिसत होते, ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. नदी साफ झाली पाहिजे हे खरंच, हे शहर दोन नद्यांच्या काठावर आहे आणि आपल्याकडे काठावर बसून निवांत जेवता येईल अशी अवस्था नाही ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तोपर्यंत फुल पँट घाला, पायाला ओडोमॉस लावा, आणि दिवेलागणीचा तास टाळून साडेआठनंतर जा.

रात्री उशिरा बसायचं असेल तर पूर्वेपेक्षा पश्चिम बाजू. हवामान खात्याचे आकडे बघत जा, मे मधे मगरपट्टा-वडगावशेरीकडे किमान तापमान शिवाजीनगर-पाषाणपेक्षा बरंच जास्त नोंदवलं जातं, कधी कधी पाच डिग्रीच्या वर फरक असतो. म्हणजे दहानंतर बाणेर-पाषाण-बावधनकडच्या गच्चीवर खरंच गार वाटतं. उघड्यावर लाउडस्पीकर दहाला बंद करावाच लागतो, त्यामुळे ज्यांना गप्पा मारायच्यात त्यांनी मुद्दाम दहानंतर जावं. रूफटॉपवर अधूनमधून महापालिकेची कारवाई होत असते, निघायच्या आधी फोन करून गच्ची चालू आहे का विचारून घ्या.

जेवण झाल्यावर निंबाळकर तालमीच्या चौकात सुजाता मस्तानी. आंबा मस्तानी घ्या, दुसरं काही बघूच नका ह्या सीझनला. दाट मिल्कशेक, त्यावर आइस्क्रीमचा गोळा, आणि लांब चमचा. पद्धत अशी की आधी वरचं आइस्क्रीम अर्धं खायचं, उरलेलं खाली ढकलून ढवळायचं, मग प्यायचं, नाहीतर ग्लासातून सांडतं. आत बसू नका, बाहेर उभं राहूनच प्यायची. भरपेट जेवून एकट्याने पूर्ण संपत नाही, दोघांत एक घ्या. कोथरूडला राहत असाल तर एमआयटीजवळ दुर्गाची कोल्ड कॉफी, तीही रस्त्यावर उभ्यानेच.

वळिवाचं पण लक्षात ठेवा. एप्रिलच्या शेवटापासून दुपारी चारनंतर ढग चढायला लागले, वारा एकदम पडला आणि उकाडा वाढला तर बाहेरचं बुकिंग कॅन्सल करू नका, फक्त दीड-दोन तास पुढे ढकला. आधी धुळीचं वादळ येतं, तेव्हा झाडाखाली किंवा होर्डिंगजवळ अजिबात थांबायचं नाही, गाडी असेल तर मोकळ्या जागी लावा. पाऊस बहुतेक वेळा तास-दीड तासात थांबतो आणि नंतर हवा एकदम गार होते, त्या रात्री हॉटेलवाल्याला फोन करून विचारा बाहेरच्या खुर्च्या पुसल्या का, आणि हो म्हणाला की लगेच निघा, कारण अशा रात्री बाहेरची टेबलं पटापट भरतात.