ब्लूबर्डच्या पेटीत चिमणी शिरली तर

'एक घास चिऊचा' ऐकत वाढलेल्या माणसाला चिमणी हाकलणं जिवावर येतं. पण अमेरिकेत आपली ही चिऊताई पाहुणी नाही, घुसखोर आहे. १८५०च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये तिला आणून सोडलं आणि ती खंडभर पसरली. ब्लूबर्ड या तिकडच्या छोट्या निळ्या पक्ष्यासाठी लावलेल्या घरट्याच्या पेटीत ती शिरते, अंडी फोडते, पिल्लांना टोचून मारते, कधी अंड्यांवर बसलेल्या मादीलाही. मग त्यावरच आपलं घरटं रचते.

आधी जागा बघा. घर, गोठा, दाणे ठेवायची जागा यांपासून दूर, मोकळ्या गवतात, खांबावर साधारण पाच फुटांवर पेटी लावा. ब्लूबर्डला दीड इंचाचं भोक लागतं आणि त्यातून चिमणीही आरामात जाते. रेनसारखे छोटे पक्षी चालणार असतील तर २८ मिलिमीटरचं भोक ठेवा, चिमणी बाहेरच राहील. बाजरी आणि मक्याचा भरडा टाकणं बंद करा.

दर आठवड्याला पेटी उघडून बघा. गवत, पिसं, कागदाचे कपटे कोंबलेले आणि अंडी पांढुरकी, ठिपक्यांची असतील तर ती चिमणी. ब्लूबर्डची अंडी बहुधा फिकट निळी असतात. नुसती पिसं दिसली म्हणून हात घालू नका! ट्री स्वॉलो ही तिकडची पाकोळीसारखी चिमुकली पाखरूही पेटीत पिसं अंथरते. तिची अंडी पांढरीशुभ्र. तिला स्थलांतरित पक्ष्यांच्या १९१८च्या अमेरिकी कायद्याचं संरक्षण आहे, चिमणीला नाही.

खात्री पटली की घरटं काढून टाकावंसं वाटतं. पण मग चिडलेला नर शेजारच्या पेटीवर तुटून पडू शकतो. म्हणून अनेक जण ताजी अंडी जोरात हलवून परत तिथेच ठेवतात. ती अंडी फुटत नाहीत, पण जोडी ती उबवत बसते.

ब्लूबर्डचं पहिलं अंडं दिसलं की पेटीच्या छपरावर चकचकीत प्लास्टिकच्या पट्ट्या लोंबत्या सोडा. चिमणी त्यांना बिचकते, अंड्यात जीव अडकलेली ब्लूबर्ड सहसा बिचकत नाही. अंड्याआधी लावल्या तर तीही पळेल.

पिंजरा लावून मारणं मला शेवटचा उपाय वाटतो. चिमणीची मादी आणि तिकडच्या मूळच्या स्पॅरो जाती यांत पटकन गल्लत होते. राज्याचे नियम आधी विचारा. दर आठवड्याला बघणं जमणार नसेल, तर पेटी उतरवूनच ठेवा. नाहीतर तुम्ही चिमण्याच वाढवाल.

आणि हे सगळं तिकडचं. पुण्या-नाशकात चिमणी मूळचीच, तिथे पेटी तिच्यासाठीच टांगायची.