कोबाल्टचा अणू न् अणू सुटा ठेवायचा तर

लॅबमध्ये नवीन आलेली मुलं मला पहिल्यांदा फर्नेसबद्दलच, म्हणजे भट्टीबद्दलच, विचारतात. तापमान किती, वेळ किती, गॅस कुठला. मी त्यांना आधी सिंकपाशी नेते. ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या एक अणू जाडीच्या पापुद्र्यावर, धातूचे सुटे अणू बसणार की ते एकत्र येऊन त्यांचे कण होणार, हे पाण्यातच ठरतं. पंगत बसायच्या आधी पाट मांडलेले असावे लागतात, तसंच हे आहे. पाट कमी आणि माणसं जास्त झाली की दाटी होणारच.

मी कोबाल्ट वापरते. प्लॅटिनमच्या सुट्या अणूंवरचं काम २०११ मध्ये आलं आणि या विषयाला ‘सिंगल-अॅटम कॅटॅलिसिस’, म्हणजे सुट्या अणूंकडून रासायनिक क्रिया घडवून घेणं, हे नाव मिळालं. पण प्लॅटिनम आमच्या खिशाला परवडत नाही. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या जेम्स टूर यांच्या गटानं २०१५ मध्ये नायट्रोजन मिसळलेल्या ग्राफीनवर कोबाल्टचे सुटे अणू बसवले आणि त्यावर पाण्यातून हायड्रोजन काढून दाखवला. आमची पद्धत त्याच वाटेवरची आहे.

सुरुवात ग्राफीन ऑक्साइडपासून, म्हणजे ऑक्सिजनचे गट लागलेल्या ग्राफीनपासून, करा. आम्ही त्याला जीओ म्हणतो. तो विकत मिळत असेल तर विकतच घ्या. पोटॅशियम परमँगनेट आणि सल्फ्युरिक आम्ल वापरून स्वतः बनवणार असाल, तर बर्फाचं भांडं सोडू नका आणि अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय हात घालू नका. मिश्रण ५५ अंशांच्या वर गेलं की स्फोट होऊ शकतो.

विकतचा असो की घरचा, धुतल्याशिवाय वापरू नका. आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लानं, मग डीआय (आयन काढलेल्या) पाण्यानं, पुन्हा पुन्हा सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे वेगानं फिरवून गाळ खाली बसवून. परमँगनेटमधलं मँगनीज जीओला चिकटून राहतं आणि कोबाल्टसाठी ठेवलेल्या जागा तेच अडवतं. पोटॅशियमचे क्षार राहिले, तर वाळलेला जीओ सहज पेट घेतो. धुत जाल तसा खालचा गाळ फुगतो, मधासारखा दाट आणि तपकिरी होतो, लवकर खाली बसत नाही. तो तसा दिसेपर्यंत मी थांबत नाही, मग दोन दिवस गेले तरी चालतील.

आता मुख्य काम. ६० मिलिग्रॅम जीओ ३० मिली पाण्यात घ्या आणि सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी पापुद्रे सुटे करणाऱ्या यंत्रात, दोन तास ठेवा. पाणी गरम होऊ लागलं की बर्फ टाका. कोबाल्ट क्लोराइड हेक्साहायड्रेटचं द्रावण वेगळं करा, १ मिलीत ३ मिलिग्रॅम. त्यातलं फक्त ६०० मायक्रोलीटर घ्यायचं. म्हणजे ६० मिलिग्रॅम जीओला जेमतेम ०.४५ मिलिग्रॅम कोबाल्ट. थेंब थेंब सोडा, खाली स्टरर चालू ठेवा. जीओच्या पापुद्र्यांवरचे कार्बोक्सिल गट पाण्यात ऋणभारित असतात, ते कोबाल्टच्या धन आयनांना आपणहून ओढून घेतात. ही जुळणी आपोआप होते. आपण फक्त गर्दी होऊ द्यायची नाही.

पहिल्या वर्षी मी सहापट कोबाल्ट घातला होता. जास्त अणू म्हणजे जास्त काम, असा माझा हिशोब. बीकरमध्ये गाठी झाल्या, कारण कोबाल्टनं एकेक पापुद्रा दुसऱ्याला जोडून टाकला होता. ते दिसत असूनही मी पुढे गेले. भट्टीतून निघालेली पूड बाटलीत भरली आणि बाटलीखाली सहज चुंबक धरलं, तर काळी पूड चुंबकामागे सरकत गेली. एक्सआरडीत, म्हणजे स्फटिक ओळखणाऱ्या क्ष-किरणांच्या चाचणीत, ४४ अंशांच्या कोनाजवळ धातूच्या कोबाल्टचा टोकदार उंचवटा. सुटे अणू कुठले, तिथे कोबाल्टचे कण झाले होते. बीकरमध्ये गाठी दिसल्या तर तिथेच थांबा आणि नव्यानं सुरुवात करा.

वाळवायला ओव्हन नको. बशीत सांडलेला चहा वाळला की डाग कडेला गडद होतो. ओव्हनमध्ये क्षार तसाच कडेला सरकतो आणि पापुद्रे एकमेकांवर चिकटून बसतात. बीकर द्रव नायट्रोजननं झटपट गोठवा आणि किमान २४ तास फ्रीज ड्रायरमध्ये ठेवा. बर्फाचे स्फटिक वाढताना पापुद्र्यांना बाजूला सारतात, त्यांच्या भिंती होतात आणि बर्फ उडून गेला की तपकिरी, हलका स्पंज उरतो. फुंकर मारली तर उडेल इतका हलका. पावसाळ्यात हा स्पंज हवेतलं पाणी भराभर पितो, म्हणून काढल्यावर थेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात.

फर्नेसचं थोडक्यात सांगते. ट्यूबमधून अर्धा तास आर्गॉन सोडा. २५० अंशांपर्यंत मिनिटाला २ अंशांनीच चढवा. जीओ घाईनं तापवला तर फुटून बोटीबाहेर, म्हणजे तो ठेवलेल्या लांबट भांड्याबाहेर, उडतो. मग ७५० अंशांवर एक तास, मिनिटाला १५० मिली आर्गॉन आणि ५० मिली अमोनिया. अमोनियातला नायट्रोजन ग्राफीनच्या जाळीत शिरतो आणि कोबाल्टला चहूबाजूंनी धरतो. पितळी फिटिंग वापरू नका, अमोनिया त्यांना तडे पाडतो. स्टेनलेस स्टीलच हवं. बाहेर पडणारा गॅस रिकाम्या बाटलीतून आणि मग पातळ आम्लातून न्या, सगळं हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात. थंड होताना फक्त आर्गॉन.

तपासताना चुंबक आणि एक्सआरडी ही पहिली चाळणी, पण त्यात पास झाला म्हणून अणू सुटेच आहेत असं होत नाही. अणूंचे बारीक गुच्छ दोन्हींच्या नजरेतून निसटतात. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, एक्साफ्स करता येतं. एखाद्या अणूच्या शेजारी कोण आणि किती अंतरावर आहे, ते ही चाचणी सांगते. कोबाल्टची के-एज, म्हणजे तो क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागतो ती ऊर्जा, ७७०९ इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे. कोबाल्टचा पत्रा सोबत मोजा: त्याच्या आलेखात २.२ अँगस्ट्रॉमजवळ कोबाल्ट-कोबाल्टचा उंचवटा येतो. आपल्या नमुन्यात तो नसला आणि १.५ च्या आसपास नायट्रोजनचा आला, तर जमलं. कोबाल्ट न घातलेला जीओही याच सगळ्यातून काढून ठेवा. हायड्रोजनची चाचणी करताना तुलना त्याच्याशीच करायची आहे.

आणि बाटलीच्या लेबलवर जीओच्या बॅचचा नंबर आणि तो किती वेळा धुतला ते लिहा. तीन महिन्यांनी तोच नमुना पुन्हा करायची वेळ येते, तेव्हा मी सगळ्यात आधी तेच शोधते.