गच्चीवरचे गरम पाणी न्हाणीघरात का पोहोचत नव्हते

जळगावातील आमच्या घराच्या गच्चीवर (आई तिला अजूनही धाबेच म्हणते) २०० लिटरचा सौर बंब बसवून घेतला, तेव्हा कारागीर अर्ध्या दिवसात काम उरकून गेला आणि ती घाईच पुढे नडली. दुपारी संग्राहकाच्या (उन्हात पाणी तापवणाऱ्या भागाच्या) वरच्या पाइपला हात लावला तर चटका बसे, पण सकाळी न्हाणीघरात कोमट पाणी येई, तेही फुसफुसत, थांबत थांबत.

या बंबात पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप बंबाच्या टाकीत चढते आणि थंड पाणी खालून संग्राहकात उतरते, म्हणून गरम पाण्याच्या पाइपला सलग चढ लागतो. आमचा पाइप साधा पीव्हीसीचा असल्याने उष्णतेने वाकून मध्येच कमानीसारखा झाला होता आणि त्या कमानीत हवा अडकत होती. भरीस भर म्हणजे हवा सोडणाऱ्या उभ्या नळीतून पाणी सांडते म्हणून तिच्या तोंडाला चक्क टोपण घातले होते! वास्तविक, नळी थंड पाण्याच्या टाकीतील पातळीपेक्षा बुटकी होती, एवढेच.

दुसऱ्या प्लंबरने पारदर्शक नळीत पाणी भरून पातळ्या तपासल्या, उष्णता सोसणाऱ्या सीपीव्हीसी प्लास्टिकचा पाइप चढ देऊन बसवला, उभी नळी थंड पाण्याच्या टाकीच्या वर नेऊन तिचे तोंड मोकळे ठेवले. आता पहिली बादली तेवढी थंड येते, कारण पाइपातले पाणी रात्रभर निवलेले असते; दुसरीत मात्र विसण घालावे लागते.