ट्रॅक्टरचं इंजिन खोलताय? काय बदलायचं, काय ठेवायचं ते मोजून ठरवा

उसाचा गाळप हंगाम आटोपला की वाहतुकीवर राबलेले ट्रॅक्टर गॅरेजच्या दारात रांगेला लागतात. मृगाच्या पेरणीआधी इंजिन काम उरकायचं असेल तर एप्रिलची अखेर ते मे महिन्याचा पहिला पंधरवडा, हीच वेळ. उशीर झाला की क्रँक लेथवाल्याकडे आणि डिझेल पंप पंपवाल्याकडे अडकतो, आणि ताजं बांधलेलं इंजिन थेट नांगराला जुंपायची पाळी येते.

आधी एक खात्री करा: इंजिन खरंच खोलायला हवं का? नुसता काळा धूर येत असेल तर एअर क्लीनर, नोझल आणि पंप तपासून घ्या, पुष्कळदा काम तिथेच भागतं. निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) जोराचा फुंकारा, ऑइलची सतत भर आणि इंजिन तापल्यावर पडणारं ऑइल प्रेशर, ही लक्षणं जमली असतील तर मात्र टाळू नका.

खोलल्यावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, सगळं नवं टाका. दुसरा म्हणतो, पिस्टनच्या नुसत्या रिंगा टाकून हंगाम काढू. मोजमाप न घेता दिलेले दोन्ही सल्ले अंदाजच असतात. माझं मत असं, की जो भाग बदलायला पुन्हा हेड (इंजिनचं वरचं झाकण) उतरवावं लागेल किंवा चेंबर (खालची ऑइलची टाकी) खोलावं लागेल, तिथे शंका आली की नवा टाकावा. जो बाहेरून चार बोल्टांत निघतो, तो चांगला असेल तर राहू द्यावा. याला अपवाद पाण्याच्या पंपाचा. तो बाहेरून निघत असला तरी सील गळत असेल किंवा शाफ्ट हलत असेल तर आत्ताच बदला, कारण पाणी संपून तापलेलं इंजिन नव्या पिस्टनचीही गय करत नाही.

सगळ्यात जास्त वेळ लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याला द्या. वरच्या टोकाला, जिथून रिंग परत फिरते तिथे, कड तयार झालेली असते. नख फिरवलं की ती अडकते. अशा लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर वरची रिंग त्या कडेवर आपटून तुटू शकते. झीज मोजायला बोअर गेज नसेल तर एक नवी रिंग घ्या. पिस्टनने सरळ ढकलून ती लायनरच्या तळाशी, न झिजलेल्या भागात बसवा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) रिंगच्या तोंडाचा गॅप मोजा. मग तीच रिंग वर कडेच्या जरा खाली आणून पुन्हा मोजा. दोन्ही गॅपमधला फरक भागिले 3.14 म्हणजे व्यासातली झीज. समजा खाली 0.40 मिमी आणि वर 1.03 मिमी आला, तर झीज 0.20 मिमी झाली. एवढ्या झिजेवर नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हाच खर्च. तिथे लायनर-पिस्टनचं पूर्ण किटच घ्या. झीज मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल तर होनिंग करून (लायनर आतून दगडाने हलका घासून) नव्या रिंगा चालतात, पण पिस्टनच्या खाचेत रिंग किती ढिली बसते हेही फिलर गेजने पाहा.

जुने भाग फेकायच्या आधी नीट निरखा. वरची रिंग आणि लायनरचा वरचा भाग जास्त खाल्ला असेल तर धूळ हवेतून शिरली आहे. एअर क्लीनरच्या रबरी पाइपला क्लिपखाली चीर गेलेली असते, ती बाहेरून दिसत नाही. पाइप काढून वाकवून बघा. हे सोडून नवं किट बसवलं तर तेही तसंच झिजणार.

क्रँकचं प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, मायक्रोमीटरने दोन टोकांना आणि दोन दिशांनी मोजा. मर्यादेत असेल तर पॉलिश करून त्याच मापाचे बेअरिंग घाला, नसेल तर 0.25 मिमी ग्राइंडिंग. ग्राइंडिंगआधी क्रॅक टेस्ट करून घ्या आणि जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई कायम ठेवायला लेथवाल्याला बजावून सांगा, कारण कोपरा धारदार झाला की क्रँक तिथूनच तुटतो. बेअरिंग मात्र नवेच. कनेक्टिंग रॉडच्या कॅपची अदलाबदल नको, आणि ढिलाई काढायला कॅप घासायला तर कुणालाच परवानगी देऊ नका.

हेडवर स्टीलची पट्टी आडवी धरून खालून फिलर गेज जातो का बघा. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधे तडा नाही ना, तेही पाहा. व्हॉल्व्ह घासून बसवल्यावर पोर्टमध्ये रॉकेल भरून ठेवा, झिरपलं तर पुन्हा घासा. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकायची सवय वाईट आहे. थंड चालणाऱ्या इंजिनात लायनर लवकर झिजतो.

गॅस्केट, ऑइल सील, ओ-रिंग, लॉक वॉशर, कनेक्टिंगचे बोल्ट, ऑइल आणि फिल्टर यांत काटकसर नाही. कॅमशाफ्ट, टायमिंग गिअर, रॉकर शाफ्ट बहुधा परत वापरता येतात. टॅपेटच्या (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उघडायला मदत करणारा भाग) तोंडावर खड्डे नसतील तर ज्याचा त्याच जागी बसवा.

ओले लायनर (ज्यांना बाहेरून थेट पाणी लागतं ते) बसवले की चेंबर लावायच्या आधी ब्लॉकमध्ये पाणी भरा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी खालून ओल दिसली तर ओ-रिंग कापली गेली आहे. सगळी मापं मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या आणि बदललेले भाग घरी न्या.

पहिले 50 तास नांगर, रोटाव्हेटर किंवा कोकणातली चिखलणी नको, आणि तासन्‌तास रिकामं चालवणंही नको. त्याने रिंगा बसत नाहीत. अर्धी भरलेली ट्रॉली किंवा हलका कुळव चालेल. त्यानंतर ऑइल-फिल्टर बदला, टॅपेट सेटिंग तपासा, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा.